गाडीची धूर चाचणी: या चुका टाळा

भारतात पीयूसी, कॅलिफोर्नियात स्मॉग चेक, ब्रिटनमध्ये एमओटी या वार्षिक तपासणीचाच एक भाग. नाव कुठलंही असो, कागदपत्रांची मुदत संपत आली की या चाचणीची आठवण होते आणि मग घाईघाईत नेमकं नको ते केलं जातं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आदल्या संध्याकाळी गाडीच्या संगणकात साठलेले दोषांचे कोड पुसणं. चेक इंजिनचा दिवा पेटलेला असतो, म्हणून कुणी स्कॅनर लावून कोड पुसतं, कुणी बॅटरीची वायर काढून ठेवतं. दिवा विझतो खरा, पण गाडीच्या संगणकाने स्वतः केलेल्या तपासण्यांची नोंदही त्याबरोबर जाते. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, थोडा धूर परत इंजिनात सोडणारी ईजीआर, टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा या प्रत्येकाचा एक ‘मॉनिटर’, म्हणजे वेगळी तपासणी, असतो. कोड पुसले की यातले बहुतेक ‘नॉट रेडी’ होतात आणि जिथे चाचणी ओबीडी पोर्टवरून, म्हणजे स्कॅनर जोडायच्या सॉकेटवरून होते, तिथे ही लबाडी लगेच उघडी पडते. अमेरिकेत संघीय मार्गदर्शनानुसार २००१ आणि त्यानंतरच्या मॉडेलला एकच मॉनिटर अपूर्ण असलेला चालतो, १९९६ ते २००० च्या गाड्यांना दोन. तिथल्या साधारण २०१० नंतरच्या गाड्यांत तर ‘पर्मनंट’ कोड असतात. ते स्कॅनरने जात नाहीत. दोष खरोखर गेलाय याची गाडीला खात्री पटली, तरच निघतात.

म्हणून आधी दुरुस्ती करा, मग काही दिवस गाडी चालवा. रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू करा, थोडं थांबत-चालत जा, थोडं मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने. वाफेचा मॉनिटर सगळ्यात हट्टी. बऱ्याच गाड्यांत टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असेल तरच तो चालतो, त्यामुळे या दिवसांत टाकी फुल करू नका. मॉनिटर तयार झाले की नाही हे साध्या स्कॅनरवरही दिसतं. ते पाहूनच चाचणीला निघा.

दुसरी चूक थंड गाडीची. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला कुठे कामाला लागतो. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे कन्व्हर्टर तापला असं नाही, आणि गाडी रांगेत बराच वेळ बंद उभी राहिली तर तापलेलाही निवतो. वीसेक मिनिटं चालवून थेट आत न्या. उत्तम चालणारी गाडी निव्वळ यापायी नापास होते, याचं फार वाईट वाटतं.

नापास झालात तर पावती वाचा. इतके लोक ती न वाचताच गॅरेजमध्ये देऊन टाकतात! कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर इंजिनात इंधन जास्त जातंय. हायड्रोकार्बन जास्त म्हणजे बहुधा मिसफायर, सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, तेव्हा प्लग आणि कॉइल बघा. नायट्रोजन ऑक्साइड वाढले असतील तर ईजीआरवर संशय घ्या. लॅम्बडा, म्हणजे हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, अनेक देशांत ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो. तो वर गेला असेल तर सायलेन्सरच्या पाइपात गळती आहे का ते आधी पाहा.

ही गळती फार फसवते. कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा पी०४२० कोड आला की लोक थेट कन्व्हर्टर बदलायला निघतात, आणि तो स्वस्त नसतो. इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी काळी काजळी साचलीय का, थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक ऐकू येते का, हे बघायला पैसे पडत नाहीत. गळती नसेल तर मिसफायर तपासा. मिसफायरमुळे चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि मूळ दोष राहिला तर नवा कन्व्हर्टरही तसाच जातो.

डिझेल गाडी असेल तर चाचणीत इंजिन पूर्ण रेस केलं जातं. म्हणून ऑइलची पातळी आणि टायमिंग बेल्टची मुदत आधी बघा. डिझेलची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. फक्त चाचणीपुरती स्वच्छ दिसणारी गाडी रस्त्यावर किती विष सोडते, हे २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांच्या प्रकरणाने जगाला दाखवलं.

पास झाल्यावरही लगेच निघू नका. प्रमाणपत्रावरचा नोंदणी क्रमांक, इंधनाचा प्रकार आणि मुदतीची तारीख तिथेच उभं राहून तपासा. गॅस किट नंतर बसवलं असेल आणि नोंदणीत फक्त पेट्रोल असेल, तर गाडी पास होऊनही काम अडू शकतं. निकाल ऑनलाइन नोंदला जात असेल तर तो चढलाय का ते पाहा. नापासाची पावतीही फेकू नका. बऱ्याच ठिकाणी फेरचाचणीला तीच मागतात.