काजू कारखाना चालवताना या चुका टाळा

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत काजू प्रक्रियेत नव्याने उतरणारे बहुतेक जण पहिला प्रश्न "मशीन कोणती घेऊ?" असाच विचारतात आणि बहुतेकांचे पैसे तिथेच अडकतात. कुडाळजवळच्या एका कारखान्यात सोलणीच्या टेबलांपाशी आधीच क्रेट साचत होते, तरी मालकांनी कर्ज काढून ऑटोमॅटिक कटिंग मशीन बसवली. कटिंग वाढले, सोलणी होती तेवढीच राहिली. जुलैच्या दमट हवेत ड्रायरमधून काढलेला गर वाट पाहत पडून राहिला, सुटलेली साल पुन्हा चिकटली, ती सुरीने खरवडताना अख्ख्या गराच्या पाकळ्या झाल्या आणि 320 नंबरच्या (अख्ख्या गराची एक प्रत) भावाने जाणारा माल तुकड्याच्या भावाने गेला. कोणत्याही कारखान्यात मशीन पाहण्याआधी क्रेट कुठे साचले आहेत ते मी पाहतो, कारण जिथे माल तुंबतो त्याच्या अलीकडचा वेग वाढवून पदरात काही पडत नाही. माहितीपत्रकातला ताशी वेग हा विक्रेत्याच्या कामाचा आकडा आहे.

दुसरी चूक खरेदीतली. बी स्वस्त मिळाली म्हणून खूश होणाऱ्यांनी उतारा, म्हणजे बीच्या वजनात किती टक्के चांगला गर निघतो ते, काढलेलाच नसतो. समजा, किलोला 130 रुपयांच्या बीचा उतारा 22 टक्के आहे, तर नुसता गरच किलोला सुमारे 591 रुपयांना पडतो. 140 रुपयांच्या आणि 26 टक्के उताऱ्याच्या बीत तोच गर 538 रुपयांना पडतो. वेगवेगळ्या पोत्यांतून मिळून किलोभर बी काढावी, फोडावी, चांगला गर तोलावा आणि मगच भाव बोलावा. वरच्या एकाच पोत्यातला नमुना घेणे म्हणजे व्यापाऱ्याला निवड करू देणे होय.

मार्च ते मे या हंगामात वर्षभराची बी भरताना ती नीट न वाळवता पोत्यात घालू नये. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी लावावी आणि जुनी पोती आधी काढावीत. उकडलेली बी रात्रभर निवू द्यावी, घाईने गरम कापू नये. आकारानुसार चाळल्याशिवाय बी मशीनला लावू नये, कारण एकाच मापाला बसवलेले पाते लहान बी सोडते आणि मोठीचा गर कापते.

आणि कटिंग, ड्रायर, सोलणी या प्रत्येक टप्प्यानंतरच्या वजनाची वही ज्यांच्याकडे नाही, त्यांनी तुकडा नेमका कुठे पडतो हे विचारायला मला फोन करू नये.