मांजर हरवलंय? आधी जिन्याखाली बघा

घरातलं मांजर सहसा लांब जात नाही. घाबरून जवळच दडी मारतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. आमची मनी पार्किंगमध्ये स्कूटरच्या कव्हरखाली सापडली, अंगभर ग्रीस! रात्री वर्दळ थांबली की टॉर्च स्वतःच्या डोळ्यांजवळ धरून प्रकाश जमिनीलगत फिरवा. मांजराचे डोळे चमकतात. डक्ट, मीटरची खोली सोडू नका. वॉचमन, दूधवाला, कचरा नेणाऱ्या मावशींना फोटो दाखवा. सोसायटीच्या ग्रुपपेक्षा त्यांनाच जास्त दिसतं. पोस्टरवर मांजराची एक खूण मुद्दाम गाळा, फोन करणाऱ्याला तीच विचारा. आगाऊ पैसे मागितले तर सरळ फोन ठेवा. तुम्हालाच कुणाचं जनावर सापडलं तर व्हेटकडे न्या. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर स्कॅनरवर नंबर येतो, बहुधा १५ आकडी.