मुलांचे आजोबा, आपले बाबा: त्यांच्या आठवणी कशा जपाव्यात

वडील गेल्यावर पहिले काही आठवडे कागदपत्रांत आणि भेटायला येणाऱ्यांत जातात. आठवणींचं पुढे सावकाश बघू, असं वाटतं. पण काही गोष्टी आपल्यासाठी थांबत नाहीत. म्हणून जे आधी हरवतं, ते आधी हातात घ्या. घरात ज्याला त्यातल्या त्यात झेपतंय त्याने सुरुवात करावी, बाकीचे नंतर येतील.

१. आधी आवाज

त्यांचा फोन लगेच रीसेट करू नका, कोणाला वापरायला देऊ नका. सिमकार्डही काही महिने चालू ठेवा, कारण बऱ्याच खात्यांची पडताळणी त्याच नंबरवर होते. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस न वापरल्यास बंद होतं. गूगलचं खातं २ वर्षं नुसतं पडून राहिलं, तर त्यातल्या फोटोंसकट पुसलं जाऊ शकतं.

त्यांनी पाठवलेले व्हॉइस मेसेज तुमच्या आणि नातेवाइकांच्या फोनमध्येही असतात. ते सगळे एका ठिकाणी मागवून घ्या. ‘पोचलास का?’ एवढंच विचारणारा मेसेजसुद्धा टाकून देऊ नका. भाषणातला आवाज ठेवणीतला असतो, रोजचा आवाज अशा मेसेजमध्येच सापडतो. जुने व्हिडिओही कान देऊन ऐका. घरातले फोटो आणि व्हिडिओ जो माणूस काढतो तो स्वतः त्यांत क्वचितच दिसतो, पण कॅमेऱ्यामागून ‘इकडे बघा, हसा’ म्हणणारा आवाज त्यांचाच असतो.

कॅसेट असतील तर त्या पुन्हा पुन्हा वाजवू नका. चुंबकीय फीत १० ते ३० वर्षांत खराब होऊ लागते. एकदाच नीट वाजवून डिजिटल करून घ्या.

२. मग त्यांच्या वयाची माणसं

त्यांची भावंडं, शाळेतले मित्र, नोकरीतले सहकारी यांच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडेच नाही. आणि त्यांचीही वयं झालेली आहेत, हे स्पष्टच बोलायला हवं. भेटायला जाताना दोन-तीन जुने फोटो घेऊन जा आणि परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग लावा. ‘बाबांबद्दल काहीतरी सांगा’ म्हटलं की ‘फार सज्जन माणूस’ एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा नेमकं विचारा: ते चिडले की काय करायचे? पहिला पगार कशावर खर्च केला? कशाला घाबरायचे? आमच्या जन्माच्या वेळी ते कुठे होते? समोरचा गप्प झाला तर मध्ये बोलू नका, खरी गोष्ट पुष्कळदा त्या थांबण्यानंतर येते. तासाभरात माणूस थकतो, तेव्हा आवरतं घ्या.

३. दोघांना एका वहीत आणा

हे काम बहुतेक घरांत राहून जातं, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. तुम्हाला आठवणारे बाबा कामावरून दमून येणारे, पैशांचा हिशेब घालणारे, प्रगतिपुस्तक बघताना गंभीर होणारे असतील. नातवंडांना आठवणारे आजोबा तासन् तास घोडा झालेले, कशालाच नाही न म्हणणारे असतील. मुलांना तुमचे बाबा भेटलेलेच नसतात, आणि तुमच्याही वाट्याला मुलांचे आजोबा पूर्ण आलेले नसतात. म्हणून एकच वही करा. डाव्या पानावर तुम्ही भावंडांनी लिहायचं, उजव्या पानावर नातवंडांनी. विषय एकच घ्यायचा: त्यांचे हात, त्यांची शिस्त, त्यांचं हसणं, आपण आजारी असताना ते काय करायचे. दोन्ही पानं शेजारी वाचताना बऱ्याच गोष्टी उलगडतात. तुमच्यासाठी जो वेळ त्यांना काढता आला नाही, तो त्यांनी कोणाला दिला, हेही त्यात दिसतं. ते वाचताना रडू आलं तर येऊ द्या.

लिहिताना त्यांना देव करू नका. हट्टी होते तर हट्टी लिहा. ज्या आजोबांचा राग माहीत आहे, त्यांची माया मुलांना खरी वाटते.

४. नातवंडांचं लगेच लिहून घ्या

साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी सहसा काहीच आठवत नाही, आणि त्यानंतरच्याही बऱ्याच आठवणी सात-आठ वर्षांपर्यंत पुसट होतात. म्हणजे चार वर्षांच्या नातीला आज आजोबांबद्दल जे आठवतंय, ते आत्ताच तिच्या शब्दांत उतरवून ठेवावं लागेल. तारीख घाला, चूक दुरुस्त करू नका, चित्र काढलं असेल तर तेही चिकटवा.

आजोबा कुठे गेले, असं मूल विचारेल. ‘झोपले’ किंवा ‘गावाला गेले’ म्हणू नका. मूल झोपायला घाबरतं किंवा वाट बघत बसतं. ‘आजोबा वारले. त्यांचं शरीर काम करायचं थांबलं, ते आता परत येणार नाहीत,’ इतकं साधं सांगा.

५. फोटो आणि वस्तू

फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, ते पुढून उमटतं. मऊ पेन्सिलने हलकेच नावं आणि अंदाजे साल लिहा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, आधी पान आहे तसं स्कॅन करा. एरवी ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके टिपायचे ते स्कॅनरचं माप) पुरतं, लहान फोटोंना ६०० ठेवा. सगळ्याच्या तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या घरात असू द्या.

कपडे आवरायची घाई नको, आईला विचारल्याशिवाय तर मुळीच नको. चष्मा, घड्याळ, पेन अशा मोजक्या वस्तू ठेवून प्रत्येकीबरोबर एक चिठ्ठी ठेवा: ही कुठून आली, ते ती कशी वापरायचे. चिठ्ठी नसेल तर पुढच्या पिढीला ते फक्त जुनं घड्याळ असेल.

६. पुन्हा विचारतील तेव्हा

मूल वाढतं तसे तेच प्रश्न नव्याने विचारतं. पाच वर्षांचं असताना दिलेलं उत्तर दहाव्या वर्षी पुरत नाही. तेव्हा वही काढा आणि पहिल्या वेळी वगळलेलं, त्यांच्या आजारपणाचं किंवा तुमच्या न मिटलेल्या भांडणाचंही, आता मुलाला पेलेल तितकं सांगा.