१९२०च्या दशकातील फॅशन-छायाचित्र कसे पाहावे

पॅरिस किंवा न्यूयॉर्क येथे १९२०च्या दशकात काढलेले फॅशन-छायाचित्र समोर आले की नजर आधी चेहऱ्याकडे जाते. तो चेहरा कागदाच्या तुकड्याने झाकावा आणि उजेड कोणत्या बाजूने येतो आहे, एवढेच प्रथम शोधावे.

त्यासाठी दोन छायाचित्रकार शेजारी ठेवून पाहणे उपयोगी ठरते. बॅरन अडॉल्फ द मेयर पाठीमागून उजेड देत आणि रेखा सौम्य ठेवत, त्यामुळे केसांच्या व रेशमाच्या कडा उजळून धूसर होत. १९२३ साली ‘व्होग’ आणि ‘व्हॅनिटी फेअर’ या नियतकालिकांचे प्रमुख छायाचित्रकार झालेले एडवर्ड स्टायकन मात्र उत्तरोत्तर स्पष्ट रेषा आणि ठाशीव सावल्या यांकडे वळले. त्यांनी १९२४ साली टिपलेल्या अभिनेत्री ग्लोरिया स्वॉन्सन यांच्या छायाचित्रात चेहऱ्यापुढे काळी लेस आहे. आधी लेसवरची फुले पाहावीत, मग त्यांच्या आडून रोखलेले डोळे, आणि पुन्हा फुलांकडे यावे. हा क्रम पाळला की ते छायाचित्र किती विचारपूर्वक रचले आहे, हे ध्यानात येते, आणि माझ्या मते त्या दशकातील याहून उत्तम धडा मिळणे कठीण आहे.

त्यानंतर कापड पाहावे. पॅरिसच्या वस्त्ररचनाकार मादलेन व्हिओने कापड ४५ अंशांत तिरके वापरत, म्हणजे आपले शिंपी ज्याला उरेब म्हणतात त्या पद्धतीने. असे कापड ताणले जाते आणि शिवणीच्या फारशा आधाराविना अंगावरून ओघळते. छायाचित्रातील चुण्यांची दिशा बोटाने गिरवल्यास हे ओघळणे लगेच जाणवते.

छायाचित्रकार मॅन रे यांच्या १९२६च्या ‘न्वार ए ब्लांश’ (काळी आणि पांढरी) या छायाचित्राकडे मात्र अधिक सावकाश पाहावे. मिटल्या डोळ्यांच्या किकी या मॉडेलचा चेहरा टेबलावर आडवा टेकलेला आहे आणि बाऊले (पश्चिम आफ्रिकेतील एक समाज) शैलीचा मुखवटा तिने हाताने उभा धरला आहे. दोन्ही लंबगोलांमधले साम्य मोहक आहेच. तरीही ज्या समाजातून तो मुखवटा आला, त्याला येथे केवळ आकार म्हणून वापरले आहे, याचाही विचार करावा.

शेवटी त्याच काळातील रेखाटने पाहावीत, कारण ‘व्होग’चे पहिले रंगीत छायाचित्र-मुखपृष्ठ १९३२ सालचे आहे आणि वस्त्ररचनाकार कोको शनेल यांचा प्रसिद्ध काळा पोशाखही ऑक्टोबर १९२६च्या अंकात रेखाटन म्हणूनच आला होता. रेखाटनातली कंबर आणि छायाचित्रातली कंबर यांची तुलना करून पाहावी.