बर्फातून डायनासोर काढताना या चुका टाळा

मे महिन्यात आमच्याकडे हा खेळ पहिल्यांदा मांडला, तो दोन मिनिटांत संपला. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात पाणी, त्यात प्लॅस्टिकचे डायनासोर, डबा रात्रभर फ्रीझरमध्ये. सकाळी बघते तर सगळे वर तरंगून गोठलेले, पाठी आणि शेपट्या बर्फाबाहेर! लेकीने शेपटी धरून ओढली आणि म्हणाली, "झालं?"

चूक माझी होती. पोकळ प्लॅस्टिक तरंगतं, गोटी तळाला बसते. एकदम पाणी भरलं की मधला बर्फ रिकामाच राहतो. म्हणून थर लावायचे. दोन बोटं पाणी गोठवा, त्यावर खेळणी मांडा, ती जेमतेम बुडतील एवढंच पाणी घालून पुन्हा गोठवा, मग वरचा थर. ओतायचं पाणी फ्रिजमधलं गार हवं. नळाचं कोमट पाणी ओतलं तर खालचा थर वितळतो, खेळणी सुटतात आणि सगळं मुसळ केरात. एकेका थराला चार-पाच तास धरा, म्हणजे तयारी आदल्या दिवशीच. मध्ये वीज गेली तर त्या दिवशी नाद सोडा.

काचेची बरणी घेऊ नका. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि बरणी तडकते. प्लॅस्टिकचा डबासुद्धा काठोकाठ भरू नका.

फ्रीझरमधून काढल्या काढल्या गोळा मुलांच्या हातात देऊ नका, बोटं चिकटतात. दहा मिनिटं परातीत राहू द्या. परातीखाली जुना टॉवेल हवाच, ओल्या फरशीवर पाय घसरतो.

आता मीठ. मुलांना खरी गंमत यातच वाटते, आणि खरी काळजीही इथेच घ्यायची. पूर्वी पॉटचं आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ टाकायचे, आठवतंय? मिठामुळे बर्फ वितळतो खरा, पण ते मिश्रण शून्याच्या बरंच खाली, पार उणे 21 अंशांपर्यंत गार होऊ शकतं. ते हातात धरून ठेवलं तर कातडी भाजल्यासारखी होते. त्यामुळे मीठ चमच्यानेच, चिमूटभर, आणि हाताला खरचटलेलं असेल तर नाहीच. उरलेलं खारं पाणी तुळशीत ओतू नका, मोरीत टाका.

हातोडी, स्क्रूड्रायव्हर कपाटात ठेवा. बर्फाचे कपचे थेट डोळ्याकडे उडतात. औषधाचा ड्रॉपर, जुना टूथब्रश आणि वाटीभर कोमट पाणी पुरे. उकळतं पाणी नको. ड्रॉपरने एकाच जागी पाणी सोडत राहिलं की बर्फात बारीक भोक पडतं, ते बघायला माझी लेक अर्धा तास हलत नाही. आपण मात्र "अगं, इथून फोड" म्हणत मध्ये हात घालतो. ही चूक मी अजूनही करते.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर गोट्या, मणी वगळा. बटण सेलची खेळणी तर कुणासाठीच नकोत. रंगासाठी हळद घालू नका. मी घातली होती, टॉवेल अजून पिवळा आहे.