लॉगिन करताच मेमरी संपते? रॅम घ्यायला धावू नका
नागपुरात धरमपेठेत मित्राचा क्लास आहे, तिथं एक जुनं 2 जीबी रॅमचं उबंटू सर्व्हर (लिनक्सवालं) मशीन पडलंय. मे महिन्यात भर दुपारी त्याचा फोन, "भाऊ, लॉगिन केलं की 'फोर्क: कॅनॉट अलोकेट मेमरी' (नवीन प्रोसेसला मेमरी नाही) येऊन राहिलं, बर्डीच्या बाजारातून रॅम आणू का?" म्हटलं थांब बे, एवढ्या उन्हात कुठं जातो.

आधी एरर नीट वाचा. 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल' असेल तर बहुतेक प्रोसेसच्या संख्येची लिमिट लागलीय, रॅमचा संबंध नाही.

मेमरीच असेल तर मशीन रीस्टार्ट करा, दुसऱ्या अकाउंटनं आत जा आणि मेमरीचा हिशोब दाखवणारी 'फ्री -एच' कमांड मारा. 'फ्री' कॉलम पाहून घाबरू नका, लिनक्स रिकामी रॅम कॅशला वापरतो, खरा आकडा 'अव्हेलेबल'चा. मग चालू प्रोसेसची यादी दाखवणारं 'टॉप' उघडून ठेवा, शिफ्ट धरून एम दाबा (जास्त मेमरी खाणारे वर येतात) आणि दुसऱ्या खिडकीतून अडकलेल्या अकाउंटनं लॉगिन करा. आमच्याकडं एकही जाडजूड प्रोसेस नव्हती, पण बॅश, बॅश, बॅश, ओळी संपेचनात! बॅश म्हणजे कमांड घेणारा शेल, तो उघडताना डॉट बॅशआरसी ही फाईल वाचतो. क्लासच्या एका पोरानं तिच्या शेवटी नुसतं 'बॅश' लिहून ठेवलं होतं, म्हणजे प्रत्येक नवीन बॅश तीच फाईल वाचणार अन् आणखी एक बॅश उघडणार. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन 'एमव्ही'नं फाईलचं नाव बदललं, झालं काम. दुसरं अकाउंटच नसेल तर ग्रबमधून (मशीन चालू होतानाचा मेनू) रिकव्हरी मोड, तिथं डिस्क आधी रीड-राइट माउंट करावी लागते, म्हणजे तिच्यावर लिहिता येईल अशी जोडावी लागते.

डेस्कटॉपवाल्यांनी कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन करायचं आणि डॉट कॉन्फिगमधलं ऑटोस्टार्ट फोल्डर चाळायचं, लॉगिन होताच आपोआप सुरू होणारे प्रोग्राम तिथं असतात. मशीन आधीच अडकून रीस्टार्ट केलं असेल तर 'जर्नलसीटीएल -के -बी -1' मध्ये (रीस्टार्टच्या आधीचा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग) 'आऊट ऑफ मेमरी' शोधा, फक्त लक्षात ठेवा, कर्नल ज्याला मारतो तोच चोर असतो असं नाही, बिचारा डेटाबेस सगळ्यात मोठा म्हणून मरतो. रॅम भरपूर रिकामी असूनही एरर येते? मग युजरवरच्या मर्यादा ठरवणारी लिमिट्स डॉट कॉन्फ फाईल बघा.

स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कवरची वापरायची जागा) नव्हताच, तोही टाकून दिला: 'एफअलोकेट'नं 2 जीबीची फाईल, 'सीएचमॉड 600', 'एमकेस्वॅप', 'स्वॅपऑन', आणि एफस्टॅबमध्ये (मशीन चालू होताना वाचली जाणारी फाईल) एक ओळ, ती विसरलात तर रीस्टार्टनंतर स्वॅप गायब.