गोबरगॅसची ज्योत डगमगते? आधी पाण्याची नळी लावा

माझं काम ज्योती मोजायचं. प्रयोगशाळेत मिथेन, हायड्रोजन असली इंधनं जाळायची आणि आग किती वेगाने सरकते ते कॅमेऱ्याने, लेझरने टिपायचं. दिवाळीत कराडजवळ माहेरी गेले, तर वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुमचा लेझर राहू द्या. ही ज्योत नाचते नि विझते, तेवढं बघा."

पहिला नियम: कशालाही हात लावण्याआधी ज्योत बघा. ही ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, म्हणून खिडकीला पडदा ओढा. खिडकी मात्र उघडीच ठेवा. बर्नरच्या भोकांवर बारके निळे शंकू दिसतील. ते भोकांना टेकून उभे हवेत. मध्ये फट दिसली तर ज्योत उडतेय. सगळीच एका तालात वरखाली होत असेल तर पाइपात पाणी आहे. मधूनच नारिंगी ठिणग्या दिसल्या तर सोडून द्या, मीठ किंवा धूळ जळतेय.

मग दाब मोजा. गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून भिंतीवर बांधा आणि निम्मी कुंकवाच्या पाण्याने भरा. शेगडीआधी पाइपात टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून, मध्ये एक कॉक ठेवून, नळीचं एक टोक गॅसला जोडा, दुसरं उघडं. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे दाब. मी घाईत एकाच बाजूची चढण मोजली आणि निम्माच आकडा सांगितला. लेझरवालीची अब्रू तिथेच गेली.

आमच्याकडे शेगडी बंद असताना ९ सेंटिमीटर, पेटवली की ३. टाकी तरंगती, तिच्या वजनाने दाब ठरतो, म्हणजे टाकी ठीक होती. वाट अडली होती. गॅस टाकीतून ओलाच निघतो, पाइपात गार झाला की पाणी सुटतं आणि झोळ पडलेल्या जागी साठतं. आमचा झोळ गोठ्यामागे. शेगडी विझवा, टाकीचा कॉक बंद करा, जवळपास विस्तव नको, मग सर्वांत खालचा जोड उघडा. तांब्याभर पाणी निघालं. खाली विटा लावून पाइप उतारावर आणला. जळताना दाब आता ८.

आणि ज्योत उडायला लागली! वहिनींनी माझ्याकडे पाहिलं ते सांगत नाही. पण हे व्हायचंच होतं. मिथेनची ज्योत हवेत सेकंदाला फार तर ४० सेंटिमीटर सरकते. गोबरगॅसमध्ये मिथेन ६० टक्क्यांच्या आसपास, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो स्वतः जळत नाही आणि वर उष्णता खातो, त्यामुळे वेग बराच घटतो. भोकातून वायू त्याहून फार जोरात सुटला की ज्योत मागे पडते. अशा वेळी बर्नरमध्ये हवा आत घेणारी चकती थोडी थोडी मिटवा. शंकू टेकले की थांबा. पिवळी टोकं दिसली तर पुन्हा किंचित उघडा, नाहीतर काजळी धरेल. शेवटची खात्री भांडं ठेवूनच करा. रिकाम्या शेगडीवर जमलेली ज्योत भांड्याखाली बदलते.

सिलिंडरची शेगडी जशीच्या तशी वापरू नका. तो गॅस घनमीटरमागे चौपटीहून जास्त उष्णता देतो, दाबही सुमारे ३० सेंटिमीटर. गोबरगॅसला जेटचं, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक साधारण अडीच पट रुंद लागतं. घरी ड्रिल चालवण्यापेक्षा गोबरगॅसचीच शेगडी आणा.

शेवटी प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बघा, काडी ओढून नाही. सडक्या अंड्याच्या वासावर विसंबू नका, नाक सरावतं.

दाब ८ असताना उघड्या बाजूचं पाणी जिथे उभं राहतं, तिथे वहिनींनी टिकली चिकटवलीय. ज्योत डगमगली की नळीचा कॉक उघडतात आणि पाणी टिकलीखाली दिसलं की मला फोन न करता गोठ्यामागे जातात.